पिल्लू कोणाच्या पाठीवर आहे ते बघा : ब्राझीलमधल्या सागुई माकडांचं कुटुंब कसं ओळखायचं

पहिल्या दिवशी तुम्हाला माकड दिसणार नाही, खार दिसेल. मलाही तेच वाटलं होतं. नवऱ्याचं काम पवनचक्क्यांचं, आधी साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर आणि मग थेट ब्राझीलच्या ईशान्य टोकाला, नाताल नावाच्या शहरात, तिथे आम्ही दोन वर्षं होतो. (आपला नाताळ हा शब्द पोर्तुगीजांकडूनच आलाय, आणि हे शहर २५ डिसेंबर १५९९ ला वसवलं म्हणून त्याचं नावच ते.) एकदा सकाळी सकाळी घरासमोरच्या विजेच्या तारेवरून सात-आठ करड्या शेपट्या सुळकन गेल्या, मी म्हटलं बघ किती मोठ्या खारी आहेत इथल्या, तेवढ्यात त्यातली एक थांबली, मान वाकडी करून माझ्याकडे बघायला लागली, आणि बघते तर दोन्ही कानांवर पांढऱ्या केसांचे पंख्यासारखे झुपके, कपाळावर पांढरा ठिपका, आणि पाठीवर अजून दोन एवढीशी तोंडं. एका अंगावर तीन तोंडं! तेव्हापासून मी जमेल तेव्हा हेच बघत बसायचे आणि जे कळलं ते इथे लिहून ठेवतेय, कारण ब्राझीलला कामाला, शिकायला, फिरायला जाणारी आपली माणसं आता बरीच आहेत आणि त्यातले बहुतेक जण ह्या माकडाला केळं देतात, फोटो काढतात आणि परत येतात. त्यांचं खरं बघण्यासारखं जे आहे ते राहूनच जातं.

तर हे माकड म्हणजे कॉमन मार्मोसेट. तिथे सगळे सागुई म्हणतात, काही जण सोईं. वजन जेमतेम ३०० ते ३५० ग्रॅम, अंग वीतभर, शेपटी अंगापेक्षा लांब आणि तिच्यावर एकाआड एक काळपट-पांढुरकी कडी. शेपटीने फांदी पकडता येत नाही, ती फक्त तोल सांभाळायला. पायाचा अंगठा सोडला तर बाकी बोटांना आपल्यासारखी सपाट नखं नसतात, खारीसारखी टोकदार असतात, म्हणून उभ्या खोडावर ते सहज चिकटून राहतं आणि म्हणूनच लांबून आपण फसतो.

एवढंच एक लक्षात ठेवलंत तरी चालेल : एकेका माकडाच्या मागे डोळे फिरवू नका, पिल्लू कोणाच्या पाठीवर आहे आणि तिथून ते कोणाच्या पाठीवर जातंय ते बघा. ह्यांचं सगळं घर त्या पाठींवर चालतं. कोण आई, कोण बाप, कोण थोरला भाऊ, कोणाचं कोणाशी पटतं, कोण घरात नवीन आहे, सगळं तिथेच दिसतं.

कुठे आणि कधी

सागुईंचं मूळ गाव म्हणजे ब्राझीलचा ईशान्य भाग, समुद्राकाठचं जंगल आणि आतल्या बाजूचं काटेरी झुडपांचं कोरडं रान, त्याला तिथे काटिंगा म्हणतात, दुष्काळी पट्ट्यातली आपली बोरी-बाभळीची रानं ज्यांनी बघितलीत त्यांना ते अगदी ओळखीचं वाटेल. नाताल शहराला लागूनच पार्क दास दुनास आहे, वाळूच्या टेकड्यांवरचं जंगल, १९७७ पासून राखीव, साधारण १,१७२ हेक्टर, आणि त्याच्या दाराशी लोकांना फिरायला मोकळा ठेवलेला जो भाग आहे तिथे सागुई हमखास दिसतात. रिओला गेलात तरी शुगरलोफ डोंगरावर, म्हणजे पाओ दे आसुकारला, आणि बोटॅनिकल गार्डनमध्ये दिसतील, पण ते तिथले नव्हेत हे माहीत असू द्या. लोकांनी पाळायला आणलेले आणि मग सोडून दिलेले, ते तिथे पसरले, आणि आता तिथल्या डोंगराळ जंगलातल्या मूळच्या एका मार्मोसेट जातीशी त्यांचा संकर होतोय, ती जात आधीच संपत चाललीय. बघायला हरकत नाही, वागणं तेच असतं, फक्त किती गोंडस म्हणून खाऊ घालून त्यांची संख्या वाढवू नका.

नातालला सूर्य पाच-साडेपाचला उगवतो, बाराही महिने साधारण तेवढ्यालाच, आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास मावळतो. सागुई उजाडल्यावर थोड्या वेळाने उठतात आणि अंधार पडायच्या बऱ्याच आधी झोपायला जातात. म्हणजे नऊला नाश्ता करून आरामात गेलात तर अर्धी मजा संपलेली असते. बाग उघडायच्या वेळेला दारात उभं राहायचं, किंवा शहरात राहत असाल तर घराजवळचीच झाडं बघायची, मला सगळ्यात जास्त कळलं ते आमच्या गल्लीतल्याच कुटुंबाकडून. सोबत साधी दुर्बीण, पाणी, टोपी, डासांचं मलम आणि एक छोटी वही. खायचं काही नको, बॅगेतल्या बिस्किटाचा वासही नको. आणि एक कागद, जो माकडांसाठी नाही तर तुमच्यासाठी : ब्राझीलहून भारतात परत येताना यलो फीव्हरच्या लसीचं कार्ड बघतात, ती लस निघायच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, आयत्या वेळी धावपळ करू नका.

आधी माकड नाही, झाड शोधा

हे मला कोणी सुरुवातीला सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते. सागुई फळं खातात, किडे खातात, पाली-सरडे मिळाले तर तेही खातात, पण त्यांची भाकरी म्हणजे डिंक. खालचे पुढचे दात सुळ्यांइतकेच लांब असतात आणि त्यांना पुढच्या बाजूने जाड कवच, मागच्या बाजूने जवळजवळ नाही, त्यामुळे ते पटाशीसारखे धारदार राहतात, त्यांनी सालीला भोक पाडायचं, डिंक पाझरू द्यायचा आणि चाटायचा. पुन्हा पुन्हा त्याच भोकांवर यायचं. डिंक पचायला जड, म्हणून ह्यांच्या पोटात आतड्याचा एक भाग मोठा असतो, तिथे तो आंबतो आणि मग अंगी लागतो. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू देतात ना, मला ते झाड बघितल्यावर तेच आठवलं, कारण सागुईची मादी जवळपास कायमच बाळंतीण असते, ते पुढे सांगते.

तर झाडाच्या खोडावर बोटाच्या पेराएवढी, लांबट, ओळीने पाडलेली भोकं आणि त्याच्याखाली सुकलेले ओघळ दिसले की तिथेच थांबा. काजूच्या झाडावर तर नक्की बघा. काजू मूळचा तिथलाच, पोर्तुगीजांनी गोव्यात आणला आणि मग आपल्या कोकणात पसरला, नातालपासून जवळच पिरांजीला एक काजूचं झाड आहे ते एकटंच साधारण ८,५०० चौरस मीटरवर पसरलंय, त्याच्या फांद्या जमिनीला टेकल्या की मुळं धरतात आणि पुढे चालत राहतात. कोकणातल्या माणसाने ते बघायलाच हवं, पण ते वेगळं. आपलं झाड सापडलं की सात-आठ मीटर लांब उभं राहायचं, सारखी जागा बदलायची नाही, खाली वाकायचं नाही, दुर्बीण हळू वर न्यायची. "त्सिक त्सिक त्सिक" असा तुटक आवाज सुरू झाला तर ते तुमच्यावर चिडलेत, चार पावलं मागे या. दोन-तीन दिवस एकाच जागी एकाच वेळी गेलात की ते सोडून देतात.

मोजा, मग पाठी बघा

एका कुटुंबात तीन ते पंधरा जणं असू शकतात, आठ-दहा म्हणजे नेहमीचं. एका दमात मोजून होत नाही. सगळ्यात सोपी जागा म्हणजे फांद्यांमधली मोकळी फट किंवा विजेची तार, जिथून सगळ्यांना एकामागून एक जावंच लागतं, तिथे उभं राहून मोजायचं. मग वय. कानांचे झुपके पूर्ण पांढरे आणि भरगच्च असतील तर मोठा, झुपके आखूड आणि विरळ असतील तर पोरसवदा, झुपकेच नसतील आणि डोकं करडं असेल तर लहान पिल्लू. नर-मादी आकाराने सारखेच, त्यामुळे अंगावरून ओळखू येत नाही, पण घरातली आई ओळखता येते कारण तिची स्तनाग्रं लांबट दिसतात, आणि डिंकाच्या चांगल्या भोकापाशी ती आली की बाकीचे सरकतात. प्रत्येकाला वहीत एक अक्षर द्या, खूण काहीही चालते, तुटकी शेपटी, कानाचा एक झुपका विरळ, ओठावर डाग. आमच्या गल्लीतल्या घरात एकाची शेपटी टोकाला वाकडी होती, तो "वा".

आता खरं काम. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघून एकच गोष्ट लिहायची : पिल्लं कोणाच्या पाठीवर. बस. सकाळभरात वीस-पंचवीस नोंदी होतात आणि आठवड्यात तुम्हाला जे दिसतं ते कुठल्या फोटोत दिसत नाही.

सागुईला जुळी होतात, कधीतरी नाही, बहुतेक वेळा जुळीच. गर्भ साधारण १४३ दिवसांचा. जन्मताना एकेक पिल्लू तीसेक ग्रॅमचं, म्हणजे दोन मिळून आईच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या जवळपास, आपल्या हिशोबात ५५ किलोच्या बाईला ११ किलोची जुळी. आणि ही बाई बाळंत झाल्यावर साधारण दहा दिवसांत पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे अंगावर दोन पिणारी, पोटात पुढची दोन, असं वर्षातून दोनदा. एकट्या आईच्याने हे होणारच नाही. म्हणून ह्या माकडात बाकी सगळे पिल्लं वागवतात, बाप, मोठे भाऊ, मोठ्या बहिणी, कधी नात्यातलं नसलेलं माकडही. पहिल्या काही दिवसांत आईच जास्त, पण पहिल्या आठवड्यातच बाकीच्यांच्या पाठीवर पिल्लं दिसायला लागतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी तर आई फक्त पाजायला घेते, की लगेच पुढे. बंदिवासातल्या जोड्यांवर अभ्यास झालाय त्यात बायको गाभण असताना बापाचंही वजन वाढतं असं दिसलं, पुढे ओझं वाहायचंय त्याची बेगमी शरीर आधीच करतं. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.

पिल्लं पाठीवर सरळ बसत नाहीत, मानेखाली आडवी, उपरण्यासारखी. म्हणून खांद्यापाशी केस जरा फुगलेले वाटले तर नीट बघा, नवीन पिल्लू असेल. पाठ बदलताना काय होतं ते तर तासनतास बघण्यासारखं. वागवणारा दमला की फांदीला पाठ घासायला लागतो, पिल्लू चिरचिरतं, मग कोणीतरी शेजारी येऊन अंगाला अंग लावून बसतं आणि पिल्लू चालत चालत ह्या पाठीवरून त्या पाठीवर जातं. कधी दोघं जण एकाच पिल्लासाठी पुढे येतात. कधी कोणीच येत नाही आणि पिल्लू फांदीवर एकटंच ओरडत राहतं, आपला जीव वरखाली होतो, पण खाली उभं राहून काही करायचं नाही, थोड्या वेळाने कोणीतरी येतंच. आमचा वा, पूर्ण वाढलेला नर, घरातला बाप नव्हता, तरी माझ्या वहीत सगळ्यात जास्त नोंदी त्याच्या आहेत, एकदा पावसात दोन्ही पिल्लं घेऊन तो तारेच्या खांबाला चिकटून बसला होता आणि बाकीचे लांब झाडात होते. तो तेव्हा खात नव्हता. पाठीवर ओझं असलं की उडी कमी पडते, किडे पकडता येत नाहीत, घार-ससाणा आला तर पळणं अवघड, म्हणजे जो वागवतो त्याला ते महाग पडतं.

दुसऱ्या महिन्यात पिल्लं उतरून हुंदडायला लागतात आणि मग दुसरी गोष्ट बघायची, कोण कोणाला खायला देतं. मोठं माकड टोळ पकडतं, तो खात नाही, एक विशिष्ट आवाज काढतं आणि पिल्लू पळत येऊन हातातून घेतं. झुरिकच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की ह्या माकडांना खाण्याचं तबक ओढून शेजारच्याला खाणं देता येत असेल, स्वतःला काही मिळत नसलं, तरी ते ओढतात. तिसऱ्या महिन्यापर्यंत अंगावरचं दूध सुटतं.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. घरात सहसा एकाच मादीला पिल्लं होतात. तिच्या मोठ्या झालेल्या मुली त्याच घरात असताना बऱ्याचदा त्यांच्या शरीरात बीज तयार होणंच थांबलेलं असतं, आईच्या नुसत्या असण्याने. पण कधी दुसरीही विते, आणि मग दोघींपैकी एकीची पिल्लं दुसरीने मारल्याचं जंगलात अभ्यासकांनी बघितलंय. हे तुम्हाला दिसलं तर फार वाईट वाटेल. तेव्हा आठवा की चार पिल्लांना पुरतील एवढ्या पाठी त्या घरात नाहीत.

कान उघडे ठेवा

डोळ्यांइतकंच कानांनी कळतं, कारण दाट पानात ते दिसतच नाहीत. आवाज पक्ष्यांसारखे आहेत. लांब, बारीक शीळ, "फीऽऽऽ", ही एकमेकांपासून लांब गेलेल्यांची. जवळ असताना हळू थरथरता आवाज, तो ऐकू यायला पाच-सहा मीटरच्या आत असावं लागतं. आणि मघाशी सांगितलं ते त्सिक, धोका किंवा राग. एक शीळ झाली की घड्याळ बघा : दुसरा लगेच बोलत नाही, थांबतो, साधारण पाच सेकंद, मग उत्तर देतो, मग पहिला पुन्हा थांबतो. एकमेकांच्या बोलण्यावर बोलत नाहीत. २०१३ मध्ये ह्यावर अभ्यास छापून आला आणि पुढे असंही दिसलं की आई-बाप जितकं उत्तर देतात तितकं पिल्लाचं चिरचिरणं लवकर मोठ्यांच्या शिळेसारखं होतं. २०२४ मध्ये इस्राएलमधल्या संशोधकांना आढळलं की समोर कोण आहे त्याप्रमाणे शिळेत फरक असतो, जवळपास नावाने हाक मारल्यासारखा, आणि एका घरातले सगळे त्या माणसाला, म्हणजे त्या माकडाला, सारख्याच हाकेने बोलावतात. मला कानाने तो फरक कधी कळला नाही, पण कोणाला उत्तर मिळतं आणि कोणाला नाही ते वहीत लिहिता येतं.

हद्दीवर गेलात तर वेगळाच प्रकार. एका घराची जागा फार नसते, अर्ध्या हेक्टरपासून सहा-साडेसहा हेक्टरपर्यंत. शेजारचं घर समोर आलं की सगळ्यांचे केस उभे, शेपट्या वर, आणि समोरच्याकडे पाठ करून मागचा भाग दाखवतात, आपल्याला वाटतं पळतायत, ती धमकी असते. झुपके मागे चपटे झालेला घाबरलाय. मग फांद्यांना अंग घासून वास लावतात. आणि ह्याच गडबडीत एखादी तरुण मादी कडेला जाऊन शेजारच्या नराकडे बघत बसलेली दिसेल, तीही नोंदवा, पुढे एक दिवस ती तुमच्या मोजणीत कमी होते आणि तेव्हा कळतं.

हात लावायचा नाही, आणायचं तर नाहीच

मी पहिल्याच आठवड्यात केळं दिलं होतं. बागेतल्या एका म्हाताऱ्या माळ्याने माझ्या हातातून ते काढून घेतलं आणि आपल्या ओठाकडे बोट दाखवून मान हलवली. तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं. आपल्या ओठावर ताप आल्यावर जे फोड येतात त्याचा विषाणू, हर्पीस, आपल्याला चार दिवस त्रास देतो, सागुईला मारतो. अर्धं खाल्लेलं फळ टाकलं तरी पुरे. एकाला झालं की झोपायला सगळे एका गोळ्यात, म्हणजे घरच जातं. सर्दी-ताप असेल, ओठावर फोड असेल तर जाऊच नका.

उलट बाजूनेही. ईशान्य ब्राझीलमध्ये सागुईंमध्ये रेबीज असतो आणि त्यांच्याकडून झालेल्या रेबीजने माणसं गेलीत. चावलं किंवा ओरखडलं तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी आरोग्य केंद्रात जा, लस तिथे फुकट मिळते. छोटंसंच आहे म्हणून सोडू नका.

आणि पाळायचं म्हणून विचारणाऱ्यांना कळकळीने सांगते, नका. आपल्याकडे सोशल मीडियावर फिंगर मंकी म्हणून मार्मोसेटचे व्हिडिओ फिरतात, विकणारेही भेटतात. भारतात २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशी परदेशी जात वन्यजीव कायद्यात येते, २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, हे झालं कायद्याचं. पण तुम्ही वरचं सगळं वाचलंत ना, मग त्या पिंजऱ्यातल्या एकट्याच्या शिळेला पाच सेकंदांनी कोण उत्तर देणार?

ब्राझीलला जाणं होणार नसेल तर परदेशातल्या चांगल्या प्राणिसंग्रहालयांत मार्मोसेट किंवा त्यांचे भाऊबंद टॅमरिन कुटुंबाने ठेवलेले असतात, मुलांना घेऊन जा, पाच मिनिटांची वही तिथेही चालते.

शेवटचं काम संध्याकाळचं. चार-साडेचारला ते एकत्र यायला लागतात, त्याआधी दुपारी एकमेकांचे केस विंचरणं आणि पोरांचा दंगा होऊन गेलेला असतो. वेलींच्या दाट जाळीचं एखादं झाड ठरलेलं असतं, काही दिवसांनी ते बदलतात. आत जाताना एकेक करून जातात, तेव्हा पुन्हा मोजा आणि सकाळच्या आकड्याशी जुळवा. पिल्लं सगळ्यात शेवटी कोणाच्या पाठीवरून आत गेली ते लिहा. मग टॉर्च न लावता निघा, झाड लक्षात ठेवा, आणि उद्या पाच वाजता त्याच झाडाखाली.